पुढून न हटणारी बाई

ताईची साखर वाढली, गुडघा धरला आणि डॉक्टरांनी तिला सायकल चालवायला सांगितलं, तेव्हा घरात सगळ्यांना हसू आलं. तिचे दोन्ही भाऊ त्या दिवशी नेमके हजर होते, म्हणजे उभ्या उभ्या डोकावायला आले होते, आणि दोघंही पोट धरधरून हसले. हसायला त्यांचं काय जात होतं? गुडघा ताईचा होता.

ताई तिन्ही भावंडांत थोरली. पन्नाशी उलटलेली, अंगाने भरलेली, बोलायला फटकळ. लग्न राहून गेलं असं लोक म्हणतात, पण लग्न काही छत्रीसारखं कुठे राहून जात नाही, ते कुणीतरी राहू देतं. आधी आई आजारी होती, ती गेली, मग धाकट्याचं शिक्षण होतं, मग मधल्याचं लग्न होतं, आणि सगळ्यांचं सगळं पार पडल्यावर ‘आता या वयात कशाला’ असं झालं. भावांनी ताई म्हणायला सुरुवात केली म्हणून आई-बापही तिला ताईच म्हणू लागले. बाप पोटच्या लेकीला ताई म्हणतो, यातच काय ते समजा.

ती पडदे शिवते. दुकान दुसऱ्याचं, मशीन तिचं. मालक कापडाचे तागे घरी पाठवतो, ती मापं घ्यायला लोकांच्या घरी जाते, स्टुलावर चढते, खिडक्या मोजते आणि घरी येऊन चुण्या घालत बसते. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन खोल्या; त्यातल्या मोठ्या खोलीत एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला बाबांचा पलंग आणि मध्ये लोकांचे पडदे. मखमली, जाळीचे, फुलाफुलांचे. कधी कधी ढीग एवढा होतो की पलंगावरचे बाबा दिसत नाहीत, नुसता आवाज येतो.

बाबा बसचे ड्रायव्हर होते. उभा जन्म त्यांनी शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बस हाकली. निवृत्त झाल्यावर अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि परत आली ती निम्मीशीच. बोलणं शाबूत राहिलं, हट्टही शाबूत राहिला. त्यांना उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं, दाढी करणं, सगळं ताईकडे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, तेवढंच त्यांचं जग. जिना उतरले ते फक्त इस्पितळात जाताना, तेही स्ट्रेचरवर आडवे. याला पाच-सहा वर्षं झाली असतील.

आणि भाऊ? भाऊ याच शहरात राहतात, परदेशी नाहीत. मधला विमा कंपनीत आहे. ‘म्हातारपणाची काळजी आमच्यावर सोडा’ असं टाय लावून लोकांना सांगत फिरतो. स्वतःच्या बापाचं म्हातारपण मात्र त्याने बहिणीवर सोडलंय. तो फोनवरून सूचना देतो: बाबांना ऊन दाखव, बाबांना फळं दे, बाबांशी बोलत जा. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. धाकटा व्यायामशाळेत शिकवतो. दिवसभर अनोळखी माणसांना वजनं उचलायला लावतो, स्वतः उचलतो, आरशात बघतो. पण बाबांना जरा पलंगावर वर सरकव म्हटलं की त्याची पाठ धरते. त्याचे दंड बघून परक्याला भीती वाटेल, पण घरच्याला काडीचा उपयोग नाही.

तर डॉक्टर म्हणाले होते, सायकलीने गुडघ्यावर भार येत नाही, साखर आटोक्यात राहते, झोप लागते, चार माणसांत मिसळणं होतं. पण एकट्या चालवाल तर आठ दिवसांत सोडाल, आपल्या भागात क्लब आहे, त्यात जा. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे फायदे खरे निघाले, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण एक फायदा त्यांनी सांगितलाच नव्हता, आणि तो सांगितला असता तर दोन्ही भावांनी हसणं बाजूला ठेवून तिची सायकल लपवून ठेवली असती.

शेजारच्या काकू रविवारी सकाळी बाबांजवळ बसायला तयार झाल्या. पोटची पोरं सोडून शेजारीण! ताईने कुणाची तरी जुनी, उतरत्या दांडीची सायकल मिळवली आणि पाण्याच्या टाकीखाली जिथे क्लबची माणसं जमत तिथे जाऊन उभी राहिली. तरुण पोरं जांघा आवळणाऱ्या चड्ड्या घालून आली असतील, अशी तिची कल्पना होती. होती दोन-चार तशी. पण क्लब चालवत होते ते एक निवृत्त पोस्टमन. सुकलेल्या शेंगेसारखे, मिशा पांढऱ्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांच्याखालोखाल हुकूम चाले तो एका बेकरीवाल्या बाईचा, ताईच्याच वयाची, ताईपेक्षाही जाड. तिला बघून ताईच्या जिवात जीव आला.

गावाबाहेर नदीला धरून उंच बांध आहे, त्यावर सरळ रस्ता. ना झाड, ना घर, आणि वारा समोरून असा की तोंड उघडलं तर श्वास आत जाऊन बसतो. त्या रस्त्यावर क्लबची एक रीत होती. सगळ्यांनी एकामागे एक चालवायचं, चाकाला चाक भिडवून. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांना आडोसा मिळतो. याला ते ‘वारा घेणं’ म्हणत. थोडा वेळ वारा घेतला की पुढच्याने बाजूला व्हायचं, “सोडला!” म्हणून ओरडायचं आणि सगळ्यांच्या शेवटी जाऊन लागायचं. दुसऱ्याने “घेतला!” म्हणायचं. झालं. आभार नाहीत, माफी नाही, ‘तुम्हाला जमेल ना’ नाही. म्हातारा असो, पोरगी असो, जाड असो की बारीक. ज्याला जेवढा झेपेल तेवढाच घ्यायचा, पण घ्यायचा सगळ्यांनी.

पहिल्या दिवशी ताईची पाळी आली. ती पुढे गेली, “घेतला!” म्हणाली, आणि जी गेली ती गेलीच. मागून कुणीतरी ओरडलं, “ताई, सोडा आता!” ती हटेना. गुडघा कुरकुरू लागला, हटेना. छाती भात्यासारखी चालू लागली, तरी नाही. पोस्टमन मागून हाका मारून थकले. तिच्या मनात एकच होतं, पुढून बाजूला होणं म्हणजे अंग काढून घेणं, आणि अंग काढून घेणारी माणसं कशी असतात ते ती घरी बघतच होती. शेवटी बांध संपायच्या जरा आधी तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि ती सायकलसकट कडेच्या गवतात आडवी झाली.

तिला वाटलं, आता सगळे जमतील, कौतुक करतील. घरी सगळे तेच करत. ‘ताई म्हणून झालं हो, दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.’ या वाक्यावर तिने आयुष्य काढलं होतं. पोस्टमन आले, सायकल लावली, तिला पाणी दिलं, आणि ती उठून बसली तसे तिच्यावर असे बरसले की ती पाहतच राहिली.

“ऐकू येत नाही का तुम्हाला? सोडा, सोडा म्हणून ओरडतोय मघापासून!”

“आलं ऐकू. पण मला वाटलं, कुणाला त्रास नको—”

“त्रास झाला की! तुमचा वेग पार मंदावला, तुमच्यामागे आम्ही सगळे रखडलो. आणि आता तुम्ही संपलात, म्हणजे परतीला तुम्हाला आम्ही ओढायचं. हा कुठला उपकार?”

“अहो, मी चांगल्यासाठीच केलं ना.”

“चांगल्यासाठी!” पोस्टमनच्या मिशा थरथरू लागल्या. “बाई, जो पुढून हटत नाही तो बाकीच्यांना फुकटे करून ठेवतो. मग त्यांनी वारा घ्यायला शिकायचं कधी? पुन्हा असं केलंत तर टाकीखाली यायचं नाही.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मात पहिल्यांदा तिला काम केल्याबद्दल बोलणी बसली होती. कमी केल्याबद्दल नाही, जास्त केल्याबद्दल! ती परत येताना शेवटून दुसरी होती आणि कुणाशी एक अक्षर बोलली नाही. घरी येऊन तिने काकूंना सांगितलं, “असल्या माणसांचं तोंड बघणार नाही पुन्हा.” बाबा पलंगावरून म्हणाले, “मी म्हटलंच होतं, कशाला ही थेरं.” आणि गंमत बघा, बाबांनी ते म्हटलं नसतं तर ती खरंच पुन्हा गेली नसती. कुणी नको म्हटलं की तेच करायचं, एवढा एकच हट्ट तिने बापाकडून घेतला होता.

पुढच्या रविवारी ती पोस्टमनला चार शब्द सुनवायला म्हणून गेली. पण सुनवायला उसंत मिळायच्या आधीच रांग लागली आणि ती बेकरीवालीच्या मागे सापडली. बेकरीवाली पुढे, तिची ती रुंद पाठ, आणि त्या पाठीमागे ताई. अचानक वारा थांबला. वारा थांबला नव्हता, तो बेकरीवाली घेत होती. पायडल हलके झाले. श्वास सहज यायला लागला. कितीतरी वर्षांनी तिच्या पुढे कुणीतरी होतं, आणि त्या पुढच्या माणसाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. ताईला रडू कोसळलं. ती मुकाट रडत सायकल चालवत राहिली, आणि तिची पाळी आली तेव्हा तिने वारा घेतला, थोडा वेळ घेतला, आणि मन घट्ट करून ओरडली, “सोडला!” मागून कुणाचा तरी आवाज आला, “घेतला!” बस्स, एवढंच झालं. कुणी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्या दिवसापासून ताई घरी येऊन चिडायला लागली. साखर उतरली, गुडघा मोकळा झाला, झोप लागायला लागली आणि राग मात्र वाढत गेला. आधी तिला वाटायचं, जग असंच असतं. एक जण ओढतो, बाकीचे बसतात. आता तिने डोळ्यांनी बघितलं होतं की तसं नसतं. ज्यांच्याशी ना रक्ताचं नातं ना मिठाचं, ती माणसं दर रविवारी तिच्या पुढे येऊन वारा घेत होती. आणि जी रक्ताची होती ती? ती फोनवरून म्हणत होती, बाबांना फळं दे. कापडावर कात्री चालवताना ती मोठ्याने बोलायला लागली. “हात धडधाकट, पाय धडधाकट, आणि लाज कुठे गहाण टाकली?” बाबा विचारत, “कुणाला गं बोलतेस?” ती म्हणे, “पडद्याला.”

मग क्लबची सहल ठरली. शनिवारी सकाळी निघून समुद्रापर्यंत जायचं, रात्री तिथेच मुक्काम, रविवारी परत. ताईने समुद्र पाहिला होता तो शाळेत असताना. बेकरीवालीने तिला सरळ विचारलं, “येणार ना?” ताईने सरळ सांगितलं, “येणार.” सांगून झाल्यावर तिला घाम फुटला. काकू सकाळचे दोन-तीन तास बसत, पण त्यांना बाबांना उचलणं शक्य नव्हतं आणि रात्रभर राहणं तर नव्हतंच. म्हणजे भावांना सांगणं आलं.

तिने मधल्याला फोन केला.

“दोन दिवस?” तो म्हणाला. “ताई, अगं शनिवारी माझ्या गाठीभेटी असतात. आणि हिची कंबर दुखतेय.”

“तुझ्या बायकोच्या कमरेशी बाबांचा काय संबंध? मी तुला विचारतेय.”

“नाही, पण या वयात तू सायकलवरून समुद्रावर जाणार? लोक काय म्हणतील?”

“लोक ‘घेतला’ म्हणतात,” ताई म्हणाली आणि फोन ठेवला. त्याला काही कळलं नाही.

धाकट्याने वेगळाच सूर लावला. “ताई, मला असलं बघवत नाही गं. आजारपण, औषधं, रक्त…”

“रक्त? बाबांच्या अंगातून रक्त कुठून काढलंस तू? सूप भरवायचंय आणि कूस बदलायची आहे.”

“तेच ते. मला जमणार नाही. तुझ्यासारखं कुणाला जमतंय?”

पुन्हा तेच वाक्य! नाकर्त्याचा वार शनिवार म्हणतात, पण या दोघांचे सातही वार शनिवारच होते. अंगाचा तिळपापड होऊन ताईने मशीन बंद केलं, स्टूल ओढलं आणि बाबांच्या पलंगापाशी बसली. तिला वाटलं, बाप तरी बोलेल. बापाने एक शब्द टाकला तर पोरं येतील.

“बाबा, तुम्ही सांगा त्यांना. मला जायचंय. दोनच दिवस.”

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, “नको. ते नकोत इथे.”

“म्हणजे?”

“मीच सांगितलंय त्यांना. मागेच. येत जाऊ नका म्हणून. आलात तर बसा, बोला आणि जा. हात लावायचा नाही.”

“तुम्ही सांगितलंत?”

“मधला आला होता सुरुवातीला, राहतो म्हणाला होता. मीच पाठवला परत.” बाबांचा डावा हात चादरीवर फिरत होता. “लाज वाटते गं. मुलांनी बापाला असं बघू नये. उघडा, मळलेला…”

“आणि मुलीने बघावं?”

बाबा चादर हनुवटीपर्यंत ओढत म्हणाले, “तू ताई आहेस.”

ताई उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि नळ सोडून उगाच भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. भाऊ नालायक आहेत हे सोपं होतं, त्याला ती सरावली होती. पण बापाने त्यांना मुद्दाम मोकळं सोडलं होतं आणि तिला मुद्दाम जुंपलं होतं, आणि तिला विचारायचं तर सोडाच, सांगितलंसुद्धा नव्हतं. भाऊसुद्धा काय शहाणे! बापाने एकदा नको म्हटलं आणि यांनी जन्माचा कानाला खडा लावला. कुठल्या पोरांनी बापाचं एवढं ऐकलंय? आईने अभ्यास कर म्हटलेलं ऐकलं होतं का कधी?

आणि सगळ्यांत जास्त आग तिला वेगळ्याच गोष्टीची होती. भांडी घासता घासता तिला आठवलं, एकदा मधल्याने बाबांना सूप भरवायला घेतलं होतं, थोडं हनुवटीवर सांडलं होतं, आणि तिनेच त्याच्या हातातला चमचा काढून घेतला होता. ‘सरक, तुला नाही जमायचं.’ पोस्टमनच्या मिशा तिच्या डोळ्यांपुढे थरथरल्या. स्वतःचाच इतका राग तिला कधी आला नव्हता.

ती बाहेर आली. “बाबा, मी शनिवारी जाणार. तुमची लाज तुमच्यापाशी. तुमचे मुलगे येतील आणि सगळं करतील, आणि तुम्ही करू द्यायचं.”

“आणि नाही आले तर?”

“येतील,” ती म्हणाली आणि दोघांना एकच निरोप धाडला: ‘शनिवारी सकाळी मी निघते. बाबांनी तुम्हाला काय सांगितलंय ते कळलं. ते आता रद्द. या.’

शुक्रवारभर ती मशीनवर बसली होती, पण एक शिवण सरळ आली नाही. येतात की नाही, हा एकच घोर. नाही आले तर तिला जाता येणार नव्हतं. बोलताना कितीही तोरा दाखवला तरी म्हाताऱ्या बापाला एकटं टाकून जाणारी बाई ती नव्हती, आणि हे भावांनाही ठाऊक होतं, त्याच बळावर तर त्यांचं सगळं चाललं होतं.

शनिवारी सकाळी धाकटा आला. तोंड एवढंसं करून, फाशी द्यायला आणल्यासारखा दारात उभा. ताईने त्याला औषधं दाखवली, सूप कसं गरम करायचं ते दाखवलं, कुशीवर वळवताना हात कुठे घालायचा ते दाखवलं. मग पुन्हा दाखवलं. जिन्यापर्यंत गेली, परत आली, उशी सरळ केली. पुन्हा गेली, पुन्हा आली, टॉवेल कुठे असतो ते सांगितलं. शेवटी काकूंनी तिचे खांदे धरून तिला बाहेर काढलं आणि दार आतून लावून घेतलं.

समुद्र होता तिथेच होता. बेकरीवालीने सगळ्यांना पाव वाटले, पोस्टमन पॅन्ट दुमडून पाण्यात उभे राहिले, पोरांनी आरडाओरडा केला. ताई फोन हातात धरून वाळूत बसली होती. आता वाजेल, मग वाजेल. बाबा पडले असतील, ठसका लागला असेल, धाकटा घाबरून पळाला असेल. संध्याकाळ झाली, जेवणं झाली, अंथरुणं पडली, फोन वाजेना. वाजला असता तर ती चिडली असती, वाजला नाही म्हणून ती त्याहून चिडली. “एक फोन करता येत नाही?” ती बेकरीवालीला म्हणाली. बेकरीवाली म्हणाली, “अगं, तुला आज झोप का लागत नाही ते कळलं मला. तू झोपेतपण पुढेच असतेस.” आणि कूस बदलून घोरायला लागली.

दुसऱ्या दिवशी परत येताना ती सगळ्यांबरोबर वारा घेत होती, सोडत होती, पण मन घरात. टाकीपाशी सगळे पांगले. ताईने घराच्या कोपऱ्यावर सायकल वळवली आणि करकचून ब्रेक दाबला.

कोपऱ्यावर बसथांबा आहे. थांब्याच्या शेडखाली बाकाशेजारी स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची होती आणि खुर्चीत बाबा बसले होते. कमरेला चादर बांधून त्यांना खुर्चीला अडकवलं होतं, ती चादर नव्हतीच, गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्याचा जांभळा मखमली पडदा होता. अर्धी दाढी केलेली, अर्धी राहिलेली, हनुवटीवर कापल्याची खूण, डोक्यावर मधल्याची टोपी. दोन्ही भाऊ दोन बाजूंना फुटपाथवर फतकल मारून बसले होते, सदरे घामाने भिजलेले. बस येत होती आणि बाबा डावा हात वर करून ड्रायव्हरला काहीतरी ओरडत होते.

ताई सायकल टाकून धावली. “काय केलंत हे? पडले असते म्हणजे? जिन्यात पडले असते म्हणजे?”

“नाही पडलो,” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. “ताई, अगं मार्ग बदललाय यांनी. बाजारातून नाही नेत आता, पुलावरून नेतात. मूर्ख आहेत. पुलावर किती खोळंबा होतो! मी त्या ड्रायव्हरला सांगितलं.”

“खुर्चीसकट उचललं आम्ही,” धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता, थोडी भीती. “काल मी एकटा होतो तेव्हा बाबा नुसते कावले होते, हात लावू देईनात. मग मी म्हटलं, बाबा, कुठे जायचंय का? तर म्हणाले, बस बघायची. दादाला फोन केला. आज दोघांनी मिळून आणलं. एवढं काही जड नाहीत गं.”

एवढं काही जड नाहीत! ताई उभीच होती. तिच्या मनात एकदम सगळं दाटून आलं. एकटीने तिला बाबांना तीन मजले उतरवता आलं नसतं, हे खरं. दोघांना आलं असतं, तिघांना तर हसत खेळत आलं असतं. पहिल्या वर्षी आलं असतं, दुसऱ्या वर्षी आलं असतं. ज्या माणसाने सारा जन्म रस्त्यावर काढला त्याने एवढी वर्षं समोरच्या भिंतीचा गिलावा बघितला, आणि खाली, हाकेच्या अंतरावर, बस जात होत्या.

“मेल्यांनो,” ती ओरडली. थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली, बघू देत. “मेल्यांनो, एवढं सोपं होतं? एवढं सोपं होतं आणि तुम्ही केलं नाहीत? यांनी नको म्हटलं म्हणून बसून राहिलात? आणि बाबा, तुम्ही! लाज वाटते म्हणे! पडदा नेसून बसलाय भर रस्त्यात, आता नाही वाटत लाज?”

“वाटते,” बाबा म्हणाले. “पण बस दिसते.”

मधल्याने मान खाली घातली. “ताई, तू कधी बोलावलंच नाहीस. सगळं करत होतीस, आम्हाला वाटलं—”

“गप्प बस. तुम्ही आला नाहीत आणि मी बोलावलं नाही. त्यात या माणसाची वर्षं गेली. ती कोण भरून देणार आहे?”

ताई बाकावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणखी एक बस येऊन गेली. बाबा त्या ड्रायव्हरलाही पुलाबद्दल सांगत होते.

ऊन कलायला लागलं तसा धाकटा उठला, हात झटकले, खुर्चीचे पुढचे पाय धरले. मधल्याने खुर्चीची पाठ धरली. उचलताना खुर्ची एका बाजूला कलली, बाबा ओरडले, “हळू रे, गाढवांनो!” आणि ताईचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. तिने ते परत घेतले. मधल्याने पकड बदलली, खुर्ची सरळ झाली.

“तू येतेस ना वर?” मधल्याने धापा टाकत विचारलं.

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली.

जिन्यातून त्यांचे आवाज येत राहिले, खुर्ची भिंतीला घासल्याचा, बाबांच्या शिव्यांचा, धाकट्याच्या हसण्याचा. पहिला मजला झाला, दुसरा झाला. मग वर दार उघडल्याचा आवाज आला. ताई थांब्यावरच बसली होती.